मधली रेष

आमच्या बाबांनी आयुष्यभर चुना लावला, पण कधी कुणाला फसवलं नाही. हा विनोद माझा नव्हे, त्यांचाच. नवा माणूस भेटला की ते तो हमखास करायचे. समोरचा हसला तर स्वारी खूश. नाही हसला तर लगेच उलगडून सांगायचे की, अहो, मी फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो, म्हणून तसं म्हटलं. उलगडून सांगितलेल्या विनोदाला कोण हसणार? मग ते एकटेच हसायचे, आणि हसता हसता त्यांना खोकला यायचा.

मैदान क्लबचं होतं आणि क्लब सभासदांचा. दुकानदार, ड्रायव्हर, गवंडी, शाळेतले मास्तर, सगळे वर्गणी भरून सभासद झालेले. बाबाही सभासद होते, शिवाय मैदान राखायचं काम त्यांच्याकडे. गवत कापायचं, रोलर ओढायचा, गोलच्या तोंडाशी उघडी पडलेली जमीन उकरून पुन्हा बी टाकायचं. सामन्याच्या सकाळी पिंपात चुना कालवायचा, दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणायची, आणि ती चाकाची गाडी कुरकुरत ढकलत न्यायची. रेष मारताना पायाकडे बघायचं नाही, पलीकडच्या खुंटीवरच नजर ठेवायची, म्हणजे रेष वाकडी होत नाही, असं ते सांगायचे. चुन्यानं त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. संध्याकाळी औषधाच्या दुकानातलं माझं काम आटोपून आले की मी त्या हातांना तेल चोळायचे आणि ते "हळू, हळू" करत बसायचे.

आई आम्हाला लवकर सोडून गेली. भाऊ तेव्हा एवढासा होता आणि मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत. त्यामुळे त्याला वाढवलं मी, असं मी म्हणते. बाबांचं म्हणणं, त्याला मैदानानं वाढवलं. दोघांचंही थोडं थोडं खरं असेल. शाळा सुटली की तो थेट मैदानावर, आणि ओल्या रेषेवर पाय पडला की बाबांचा आवाज, "पुन्हा रेषेवर पाय दिलास तर तंगडं मोडून हातात देईन!" त्याच तंगड्यानं पुढे अख्ख्या गावाला वेड लावलं. चेंडू पायाशी आला की तो जागच्या जागी असा गर्रकन फिरायचा की पुढचा खेळाडू भलतीकडेच धावत सुटायचा. गावानं त्याचं नाव ठेवलं भिंगरी. अजूनही त्याचं खरं नाव विचारलं तर निम्म्या गावाला सांगता येणार नाही.

बाबा त्याचं कौतुक करत नसत. त्यांना ते जमायचंच नाही. तो गोल मारून आला, हरून आला, कुणाशी मारामारी करून फुटक्या ओठानं आला, बाबा एकच विचारायचे, "जेवलास का?" तो नाही म्हणाला की स्वतः उठून त्याच्यासमोर ताट ठेवायचे आणि तो खाईपर्यंत समोर बसायचे. बोलणं काही नाही. भाऊ म्हणायचा, "ताई, बाबांच्या तोंडात देवानं एवढंच वाक्य घालून पाठवलंय." पण तेवढ्यानं घरातली सगळी भांडणं मिटत, हे त्यालाही माहीत होतं.

आता भांडणाचं सांगते.

भाऊ खेळायला लागल्यापासून क्लब वर चढत गेला. मैदानावर पाय ठेवायला जागा मिळेना. क्लबनं नवं छप्पर घातलं, नवे दिवे लावले. खेळाडूंना मात्र येण्याजाण्याचा खर्च आणि वर्षाला बुटांचा एक जोड, एवढंच. बाकी प्रेम. आमच्या गावात प्रेम भरपूर. भिंगरी रस्त्यानं निघाला की चहावाला पैसे घेत नसे, सायकलवाला पंक्चर फुकट काढून देई, आणि सगळ्यांना वाटायचं की झाली फिट्टमफाट.

मग मोठ्या शहरातल्या एका संघाचा माणूस येऊन त्याला भेटून गेला. भाऊ भारावला नाही, उलट घाबरला. मला म्हणाला, "ताई, मला जायचं नाही. पण पाय काय जन्मभर धावत नाहीत. ते जेवढं देतायत त्याच्या निम्मं जरी क्लबनं दिलं तरी मी इथून हलणार नाही." तसं त्यानं अध्यक्षांना जाऊन सांगितलं. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि विचार करू म्हणाले. असा विचार किती दिवस चालतो ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा भाऊ म्हणाला, ठरेपर्यंत मी मैदानावर पाय ठेवणार नाही. आणि घरी बसला.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, ज्या झाडाची फळं खाता त्याला पाणी नको का घालायला? दुसरा म्हणे, एकाला दिलं की उद्या दहा जण हात पसरतील, आणि हा काय आभाळातून पडलाय? मला कुणी विचारलं नाही, म्हणून आता सांगते. द्यायला हवे होते. ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात त्यानं तिकिटातला वाटा मागितला तर तो हावरट कसा? पण मी सभासद नव्हते. वर्गणी भरून उन्हात ओरडायची हौस मला कधी नव्हती.

आमच्या घरात तर तिसराच प्रकार. मुलगा घरी बसलेला, आणि बाप रोज सकाळी त्याच मैदानावर कामाला जाणार. दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले, पण गप्प बसतील तर शपथ. सगळं माझ्यामार्फत. दोघांच्यात एक हाताचं अंतर, मध्ये मी वाढतेय, आणि बाबा म्हणणार, "सांग तुझ्या भावाला, पंखा बंद कर म्हणावं." भाऊ म्हणणार, "ताई, सांग त्यांना, मला उकडतंय." मी म्हणाले, "मी काय पोस्टमन आहे का?" त्यावर दोघंही हसू दाबत खाली मान घालून जेवले. मला वाटलं, चला, विरघळतंय. पण नाही. बाबा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारायचे, "तुझा भाऊ जेवला का?" त्याला नाही विचारायचे.

मी बाबांना बजावलं होतं, "बाबा, तो खरंच जाईल हं." ते म्हणाले, "कुठं जातोय! आंघोळीचं पाणी अजून तू काढून देतेस त्याला. रुसलाय. आजवर किती रुसले, सगळे आले परत." हे खरं होतं. क्लबावर रुसलेले खेळाडू आठ-पंधरा दिवसांत परत यायचे, कारण त्यांना दुसरीकडे कोण विचारतंय? बाबांनी आयुष्यभर तसलेच रुसवे पाहिलेले. ज्याला दुसरं दार उघडं आहे असा रुसलेला माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

शेवटी सभा लागली.

आमच्या क्लबात मोठा प्रश्न असला की मतदान मैदानावरच होतं. सभासदांनी मधल्या रेषेच्या या बाजूला नाहीतर त्या बाजूला जाऊन उभं राहायचं. गेटाच्या बाजूचे 'हो'वाले, भिंतीच्या बाजूचे 'नाही'वाले. पूर्वी म्हणे हात वर करून मत द्यायचे, पण एकदा डोक्यांपेक्षा हातच जास्त भरले, तेव्हापासून ही पद्धत. हात दोन असतात, माणूस मात्र एकाच जागी उभा राहू शकतो. ज्याच्याबद्दल प्रश्न असेल त्यानं सभा संपेपर्यंत कपडे बदलायच्या खोलीत बसायचं, हाही नियम. त्या खोलीची खिडकी मैदानाकडेच उघडते, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या सकाळी बाबांनी एकच रेष मारली, मधली. मी दोरीबाहेर, सभासद नसलेल्यांत उभी होते. अध्यक्ष बोलले, एक मास्तर बोलले, मग अध्यक्ष म्हणाले, "चला, आपापल्या बाजूला." गंमत म्हणजे कुणी हललंच नाही. सगळे बाबांकडे बघत राहिले. पँटीवर चुन्याचे शिंतोडे, हातात अजून ती दोरी गुंडाळलेली. ते उभे होते गेटाच्या बाजूला, म्हणजे 'हो'च्या बाजूला. मला वाटलं, हलू नका. बाबा, आहात तिथंच राहा. नुसतं उभं तर राहायचंय.

बाबांनी दोरी खिशात घातली, चालत रेषेपाशी गेले, ओल्या चुन्याला पाय लागू नये म्हणून पाय उंच उचलला, आणि पलीकडे भिंतीच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

सायकलवाला मोठ्यानं म्हणाला, "बापच नाही म्हणतोय, तर आपण कोण?" आणि तो त्यांच्या मागोमाग गेला. मग चहावाला गेला. मग एकेक करत, माना खाली घालून, निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं पलीकडे गेली. त्यांनी पाय उचलले नाहीत. रेष तुडवली गेली, पुसली गेली. अध्यक्षांना मोजायचीही गरज पडली नाही. मी खिडकीकडे पाहिलं. भाऊ तिथं उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं आणि तो बाकी कुणाकडे नाही, फक्त बाबांकडे बघत होता. मग खिडकीत कुणी दिसलं नाही.

मी त्या दिवशी बाबांना नको नको ते बोलले. आंधळे आहात म्हणाले. लांबच्या खुंटीकडे बघत चालायची सवय लागली की पायाखाली काय चिरडतं ते दिसत नाही म्हणाले. ते ऐकत राहिले. संध्याकाळी पुन्हा मैदानावर गेले आणि पुसलेली रेष परत मारून आले. दुसऱ्या दिवशी सामना नव्हता. काही कारणच नव्हतं.

सकाळी बाबा मला म्हणाले, "सांग तुझ्या भावाला, उठ म्हणावं, बोलायचंय." मी दार ढकललं. पलंगावरची चादर नीट घातलेली होती. आमच्या या राजानं जन्मात कधी स्वतःची चादर घातली नव्हती, तेव्हाच मी काय ते समजले. उशीवर क्लबची जर्सी घडी करून ठेवलेली. बाबा माझ्या मागून आत आले. जर्सीकडे बघत म्हणाले, "घडी चुकलीय." ती उलगडून पुन्हा नीट घातली आणि तिथंच ठेवली. त्यांना काय बोलायचं होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सांगितलं बऱ्याच महिन्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी, मी हातांना तेल चोळत असताना. म्हणाले, "तुला कपाट आठवतो का?" कपाट म्हणजे आमचा एक जुना गोलकीपर. धिप्पाड माणूस, गोलमध्ये उभा राहिला की दार लावल्यासारखं वाटायचं. क्लबनं पूर्वी एकदाच कुणाला पगार दिला होता तो त्याला. "पगार सुरू झाला त्या वर्षी त्याच्या हातून दोन-तीन गोल सुटले," बाबा म्हणाले. "आधीही सुटायचेच की. पण आधी लोक म्हणायचे, जाऊ दे रे, कपाटा, होतं असं. पगार सुरू झाल्यावर तीच माणसं ओरडायला लागली, पैसे परत कर. त्याच्या बायकोला दुकानात बोलायचे. शेवटी तो हातमोजे न्यायला आला, तर चुन्याच्या खोलीत बसून रडला माझ्यासमोर. एवढा मोठा माणूस." बाबांनी हात सोडवून घेतला. "मला वाटलं, याला फुकटच खेळू दे. म्हणजे चुकला तरी कुणी काही बोलणार नाही. आठ दिवस रुसेल, नि येईल."

मी म्हणाले, "मग हे त्याला का नाही सांगितलंत?"

"त्यानं विचारलं का?"

अशी ही माणसं. मी भावाला फोनवर सगळं सांगितलं, कपाटाचं, चुन्याच्या खोलीतलं. तो ऐकून म्हणाला, "ताई, त्यांना लोकांच्या बोलण्याची भीती वाटली. मी खिडकीत उभा होतो, त्याचं काही नाही." मग विचारलं, "ते बरे आहेत ना?" आमच्या घरात एक जण झाला होता 'तुझा भाऊ' आणि दुसरा 'ते'.

भावानं घरी मोठा टीव्ही पाठवला, त्याचे सामने दिसावेत म्हणून. बाबांनी खोक्याला हातही लावला नाही. पण सामना लागला की चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. मी म्हणायचे, "बसा की." ते म्हणायचे, "नको, काम आहे मला," आणि सामना संपेपर्यंत उभेच. कप कधीच रिकामा झालेला असायचा. भाऊ पडला की त्यांचा हात चौकटीवर घट्ट आवळायचा. एकदा त्यानं सोपा गोल घालवला आणि त्या मोठ्या शहरातले हजारो लोक त्याला शिव्या देताना ऐकू आले. बाबा म्हणाले, "बघ." एवढंच. त्यात बरोबर निघाल्याचं सुख असतं तर मी भांडले असते. पण त्यांचा चेहरा अगदी उतरला होता.

अशी सहा वर्षं गेली. बाबांचा खोकला वाढला. रोलर ओढायला क्लबनं दुसरा माणूस ठेवला, रेषा मात्र त्यांनी सोडल्या नाहीत.

मग एका चषकासाठी चिठ्ठ्या निघाल्या आणि भावाचा संघ आमच्या मैदानावर खेळायला येणार असं ठरलं. गावाला उधाण आलं. ज्यांनी त्याला 'नाही' म्हटलं होतं तेच आता 'आमचा भिंगरी, आमचा भिंगरी' करत फिरायला लागले. त्याआधीच्या दोन सामन्यांत तो दिसला नव्हता. मांडी दुखावलीय असं टीव्हीवर सांगत होते. मी फोन केला तर म्हणाला, "बघू." बाबा म्हणाले, "मांडी काय, आठवड्यात भरून येते."

त्या सकाळी ते उजाडायच्या आत गेले. मी जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा मैदान असं सजलं होतं की गवतावर पाय ठेवायला संकोच वाटावा. मधली रेष त्यांनी दोनदा मारली होती. हातपाय धुऊन ते माझ्यापुढे चालायला लागले, पण आमच्या नेहमीच्या छपराकडे नाही. मैदानाला वळसा घालून पलीकडे, पाहुण्या संघाच्या बाकांकडे. चाळीस वर्षांत ते त्या बाजूला बसले नव्हते. सायकलवाला इकडून ओरडला, "काका, चुकलात! आपली जागा इकडं!" बाबांनी मान हलवली आणि सगळ्यात पुढच्या बाकावर, अख्ख्या गावाला दिसेल असे बसले. मी शेजारी बसले. मी म्हणाले, "बाबा, लोक बघतायत." ते म्हणाले, "बघू देत. त्यालाही दिसायला पाहिजे."

संघ मैदानात उतरला. आम्ही एकेक चेहरा बघितला. मग राखीव खेळाडूंचा बाक बघितला. तो नव्हता.

मागच्या बाकावर त्यांच्या बसचा ड्रायव्हर शेंगदाणे खात बसला होता. मी त्याला विचारलं. "तो होय?" ड्रायव्हर म्हणाला. "मांडीबिंडी काही नाही हो, ती सांगायची गोष्ट. घरी बसलाय तो. करार संपत आलाय, पैसे वाढवून मागतोय. आमचे साहेब देत नाहीत, हा खेळत नाही. आता तुम्हीच सांगा, एवढे द्यायचे का एका माणसाला?"

मला वाटलं, बाबा नेहमीसारखे गप्प बसतील. त्यांनी वळून त्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "द्यावेत की. का नाही द्यायचे? त्याच्याच जिवावर चाललंय ना सगळं?"

ड्रायव्हर हसला. "तुम्ही कोण त्याचे, काका?"

"बाप आहे मी त्याचा."

ड्रायव्हरनं शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. बाबांनी एक दाणा उचलला आणि मुठीत धरून ठेवला. मी म्हणाले, "चला, आपल्या बाजूला जाऊ." ते म्हणाले, "आता कुठं उठू?" आणि तिथंच बसून राहिले, ज्या संघात त्यांचा मुलगा नव्हता त्या संघाच्या बाजूला, स्वतःच्या क्लबाकडे तोंड करून. लोक बोटं दाखवत होते. मला त्यांची इतकी दया आली की त्यांच्यावरचा माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

मध्यंतरात ते म्हणाले, "सांग तुझ्या भावाला..." मी फोन लावला. भावानं उचलल्यावर मीच म्हणाले, "मी आता कुणाचे निरोप कुणाला देणार नाही. घे, बोल." आणि फोन बाबांच्या हातात दिला.

त्यांनी तो तोंडासमोर धरला. सभोवती गोंधळ, शिट्ट्या, माझ्या कानात मात्र काही शिरत नव्हतं. मी मनात म्हणत होते, सांगा, द्यावेत म्हणून सांगा, मी तुझ्या बाजूला बसलोय म्हणून सांगा.

"जेवलास का?" बाबा म्हणाले.

पलीकडून एक शब्द आला. "बरं," बाबा म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला. मी कानाला लावला तोवर बंद झाला होता.

मी कपाळावर हात मारला. सहा वर्षांनी बोलायला मिळालं, तर हे! "काय म्हणाला?" मी विचारलं. "हो म्हणाला," बाबा म्हणाले. "जेवलाय तो." आणि उरलेला सामना त्यांनी अगदी शांतपणे बघितला. आमचा क्लब सपाटून हरला, त्याचंही त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

त्यानंतर फोन झाला नाही. बाबा मला विचारायचे नाहीत आणि मीही मुद्दाम लावून दिला नाही. वाटलं, बांध फुटलाय तर वाहील आपसूक. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बाबा गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. त्यांच्या खिशात दोरीचा तुकडा होता.

भाऊ आला. सगळं उरकल्यावर मी त्याला मैदानावर घेऊन गेले. क्लबनं रेषा मारायला नवा माणूस ठेवला होता आणि मधली रेष चक्क वाकडी आली होती. भाऊ तिच्याकडे बघत उभा राहिला. मी त्याला पलीकडचा पुढचा बाक दाखवला. म्हणाले, "इथं बसले होते. ड्रायव्हरनं विचारलं, द्यायचे का एवढे पैसे? तर म्हणाले, द्यावेत की, त्याच्याच जिवावर चाललंय." तो त्या बाकावर बसला. तिथून कपडे बदलायच्या खोलीची खिडकी समोरच दिसते. तो तिच्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "चल, ताई, घरी जाऊ."

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि सवयीनं विचारलं, "जेवतोस ना?" तो दारात आला, जिथं बाबा कप घेऊन उभे राहायचे तिथंच, चौकटीला हात लावून.

"ताई, त्या दिवशी फोनवर मी हो म्हणालो."

"माहीत आहे."

"जेवलो नव्हतो गं मी. सकाळपासून टीव्हीसमोर बसलो होतो, आपलं मैदान दिसेल म्हणून. त्यांचा आवाज ऐकला आणि काही सुचलंच नाही, तोंडातून हो निघून गेलं." त्यानं चौकट घट्ट धरली होती. "नाही म्हणालो असतो, तर ते पुढे काहीतरी बोलले असते."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. मी ताट वाढलं, त्याच्यासमोर ठेवलं, आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिले.